किल्ली नसलेला कोतवाल

आमच्या ऑफिसात ह्यांना सगळे कोतवाल म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ह्यांना ते आवडतं. घरात सासूबाईंसाठी हे 'थोरला', धाकट्या जावेसाठी 'भाऊजी' आणि माझ्यासाठी नुसते 'अहो'. पण माणूस हाडाचा कोतवालच. घरातून बाहेर पडताना कुलूप लावलं की दोनदा ओढून बघणार, चार पायऱ्या उतरणार, परत वर जाऊन तिसऱ्यांदा ओढणार. मी खाली उभी राहून मनात काय काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आम्ही दोघंही एकाच ठिकाणी कामाला. विमानातून काढलेले फोटो जोडून शहरांचे नकाशे बनवायचे, हा आमच्या मालकांचा धंदा. मी फोटो जोडणारी. एका शहराचे इतके तुकडे असतात की टेबलावरच्या कॉम्प्युटरला ते पेलत नाहीत, म्हणून जड काम करणारी मशिनं वेगळी. ती नदीपलीकडच्या एका बिनखिडक्यांच्या इमारतीत, भाड्याच्या जागेत. तिथे आत जायचं तर मालकांची सही लागते. आम्ही आपले खुर्चीत बसून इथूनच त्या मशिनांत शिरायचं आणि त्यांना कामाला लावायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, आमची रोजीरोटीच ती.

शिरायचं म्हणजे पासवर्ड हवा. प्रत्येक मशीनचा वेगळा, आणि दर महिन्याला बदलणारा. ते सगळे फक्त ह्यांच्या डोक्यात. रोज सकाळी हाळी सुरू व्हायची. "कोतवाल, सात नंबर!" "कोतवाल, अकरा उघडा ना!" मग हे काचेच्या केबिनमधून सावकाश बाहेर येणार, आमच्या खांद्यावरून वाकणार, "जरा तिकडे बघा" म्हणणार, डाव्या हाताचा आडोसा करून उजव्या हाताने टाइप करणार. तेवढा वेळ आम्ही भिंतीकडे बघायचं. अक्कलदाढ काढली त्या दिवशीही गाल धरून आले होते. बोलता येत नव्हतं, म्हणून मान वळवून दाखवत होते, तिकडे बघा.

मीसुद्धा भिंतीकडेच बघायची. लग्नाची बायको, ह्यांच्या बनियनचं माप मला पाठ, पण सात नंबरचा पासवर्ड नाही. एकदा विचारलं, निदान माझ्या एका मशीनचा तरी सांगा. तर म्हणाले, "तुला सांगितला की मग तो पासवर्ड राहत नाही." त्या रात्री मी ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही. ह्यांनी जीव लावला तो त्या मशिनांना, आणि मला त्या लोखंडाचा हेवा वाटायचा. हसायचं तर हसा.

मग धाकटी आली. धाकटी म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको. तिची आधीची नोकरी सुटली होती, आणि सासूबाईंनी ह्यांच्यामागे टुमणं लावलं, तुझ्या ऑफिसात चिकटव, घरातली पोर आहे, ऐकण्यात राहील. ह्यांनी स्वतः मालकांकडे शब्द टाकला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

दिसायला साधी, बोलायला मऊ. मला ताई म्हणते. स्वयंपाकघरात आली की न विचारता भांडी पुसायला घेते आणि ती माझ्यापेक्षा चकचकीत पुसते. सासूबाई म्हणतात, "हिच्या हाताला वळण आहे." माझ्या हाताला काय आहे ते त्यांनी कधी सांगितलेलं नाही. अशा बाईवर उघड रागावता येत नाही, आणि मला तर रागावल्याशिवाय चैन पडत नाही.

रुळायला तिला फार वेळ लागला नाही. एका सोमवारी सकाळच्या हाळ्या ऐकून ती केबिनच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, हे किल्ल्यांवर टाकलं तर? पासवर्ड लागणारच नाही. तुमची रोजची दगदग वाचेल."

दगदग! अहो, त्या माणसाचं जगणं होतं ते. हे म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. पण मालक मागेच उभे होते. ते म्हणाले, "करून टाका."

तिने आम्हाला एकेकाला शेजारी बसवून शिकवलं. किल्लीचे दोन भाग. एक गुपित भाग, तो आपल्याच कॉम्प्युटरवर राहतो, कुणालाही द्यायचा नाही, तिलाही नाही. दुसरा भाग उघडा, तो कुलपासारखा. तो पलीकडच्या प्रत्येक मशीनवर बसवायचा आणि गावभर वाटला तरी बिघडत नाही. आपण दाराशी गेलो की मशीन एक कोडं घालतं, आणि ज्याच्याकडे गुपित भाग असेल त्यालाच ते सुटतं. आपल्याला काहीच टाइप करावं लागत नाही. सगळ्या मशिनांवर आम्हा सगळ्यांचं एकच सामाईक खातं असल्यामुळे एकदा आत गेलेला माणूस दुसऱ्याचं कुलूपही आतून बसवू शकतो, तेवढी एक ओळ वाढवायची. ती ओळ सगळ्या मशिनांवर एका दमात कशी टाकायची, तेही तिने दाखवलं.

पहिल्याच दिवशी नकाशे तपासणाऱ्या काकांनी उघड्याऐवजी गुपित भागच तिला ईमेलने पाठवला. ती हसली नाही. "काका, ही किल्ली आता मेली. पुसून टाका, दुसरी बनवू," म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून बसवलं. माझी तर किल्ली चालेचना. तिने बघितलं आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमची गुपित फाइल ह्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या कुणालाही वाचता येतेय. अशी उघडी ठेवलेली किल्ली चालत नाही."

"माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" मी म्हणाले.

"मशीनला ते कळत नाही ना ताई," असं म्हणून तिने फाइल फक्त माझ्यापुरती करून दिली. मग मी सात नंबरला हाक मारली, आणि सात नंबर उघडलं. कुणी खांद्यावरून वाकलं नाही, कुणी भिंतीकडे बघायला लावलं नाही. इतक्या वर्षांत नवऱ्याने जे दिलं नाही ते हिने चहा गार व्हायच्या आत दिलं. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी पोटात दुखायला लागलं. दोन्ही एकदम.

हे मात्र शिकायला बसले नाहीत. ती दोनदा बोलवायला गेली. एकदा म्हणाले, फोन चालू आहे. एकदा म्हणाले, "मला सगळे पासवर्ड पाठ आहेत. किल्ली विसराळूंना लागते." आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. काका माझ्याकडे बघून हसले, मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

मग पुढच्या सोमवारी शेवटची पायरी आली: पासवर्डचं दार कायमचं बंद करायचं. ह्या कामात एक रीत आहे, धाकटीनेच सांगितली होती. जुनं दार बंद करण्याआधी प्रत्येकाने नव्या दाराने आत जाऊन दाखवायचं, आणि तोवर कुणी पडद्यावरची चालू खिडकी मिटायची नाही. ती एकेका टेबलापाशी गेली. "दाखवा बघू." काकांनी दाखवलं. मी दाखवलं. ती केबिनपाशी आली तेव्हा मालक आत बसलेले होते.

"भाऊजी, तुमची किल्ली चालते ना?"

"हो हो. कधीचीच," हे म्हणाले.

झालं! तिने मान डोलावली आणि परत फिरली. मोठ्या दिराला, तेही मालकांसमोर, 'दाखवा बघू' म्हणणारी धाकटी जाऊ अजून जन्माला यायची आहे. दुसरा कुणी असता तर तिने सोडला नसता. दुपारी तिने सगळ्या मशिनांवरचे पासवर्ड बंद केले आणि मालकांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. माझं टेबल केबिनच्या अगदी समोर, आणि ह्यांच्या पाठीमागे काचेचं कपाट, त्यात ह्यांचा पडदा दिसतो. हे आले, शर्टाची बाही सारखी केली, सात नंबरला हाक मारली. पडद्यावर एकच ओळ उमटली. मग आठ नंबर. तीच ओळ. नऊ. मग हे नुसते बसून राहिले. कपाटात अक्षरं उलटी दिसत होती, पण नकाराची ओळ ओळखायला ती सुलटी असावी लागत नाही. आता ह्यांना कुठलंच मशीन आत घेत नव्हतं.

आणि बाहेर एकही हाळी नव्हती. सगळे आपापले आत जाऊन कामाला लागले होते. हे बाहेर आले, टेबलांमधून एक फेरी मारली, "कसं काय, ठीक?" असं दोघातिघांना विचारलं. कुणी मान वर केली नाही. मग परत जाऊन कीबोर्ड उलटा करून झटकत बसले.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी वाटलं. मला वाटलं, आता माझ्याकडे येतील. माझ्याकडे किल्ली आहे, मी आत आहे. ह्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर एक किल्ली बनवायची, उघडा भाग मला द्यायचा, मी ती एक ओळ सगळ्या मशिनांवर टाकून देईन. पाच मिनिटांचं काम, आणि कुणाला पत्ता लागणार नाही. फक्त येऊन मागायला हवं. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' म्हणतात. गाढव व्हायची माझी तयारी होती. हरीने तेवढे पाय धरायचे होते.

आणि वेळ तर अशी आली होती की अडून चालणारच नव्हतं. शुक्रवारी, ज्यांच्यासाठी आम्ही अख्ख्या शहराचा नकाशा करत होतो ती मंडळी बघायला येणार होती. दरवेळी हे केबिनमध्ये बसून त्यांना एकेक मशीन उघडून दाखवतात, कुठला तुकडा कुठे शिजतोय ते. आणि ह्यावेळी मालकांनी आणखी एक सांगून ठेवलं होतं: नवी मशिनं यायची आहेत, सगळ्यांचा ताबा कुणा एकाकडे द्यायचा, शुक्रवारी कामकाज बघून ठरवू. म्हणजे पाहुण्यांसमोर ती नकाराची ओळ उमटली की केबिन धाकटीची. घरात तिची भांडी चकचकीत, ऑफिसात तिची केबिन, आणि मी रोज तिच्या काचेसमोर!

मी संधी दिल्या हो. चहाच्या वेळी विचारलं, "काही अडलंय का?"

"कुणाचं?"

"तुमचं."

"माझं काय अडणार?" असं म्हणून कप धुवायला गेले. स्वतःचा कप हा माणूस लग्नानंतर पहिल्यांदाच धुवत होता.

बुधवारी बसमध्ये म्हटलं, "ती किल्ली बनवायला काही लागत नाही म्हणे. काकांनासुद्धा जमली."

"काकांना फावला वेळ आहे," हे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मी स्वतःहून टाकून देऊ शकले असते का? नाही. ह्यांनी किल्ली बनवल्याशिवाय टाकणार काय? पण "चला, मी शिकवते" असं म्हणू शकले असते. म्हणाले नाही. म्हणायचंच नव्हतं. मला ह्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. ह्यांनी माझ्या टेबलापाशी यावं, हळू आवाजात मागावं, आणि मी म्हणावं, "जरा तिकडे बघा." हे वाक्य मी मनातल्या मनात किती वेळा घोळवलं, कधी कोणत्या सुरात! भाजी चिरतानासुद्धा घोळवत होते.

गुरुवारी दुपारी मला छापखान्यात नमुने बघायला जावं लागलं. परत आले तोवर ऑफिस सुटत आलं होतं. हे केबिनमध्ये, धाकटी तिच्या टेबलावर, सगळं जिथल्या तिथे. ह्यांच्या तोंडावर काही नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ह्यांची मूठ मला लग्नापासून झाकलेलीच दिसली आहे.

शुक्रवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून आले. पाहुणे आले, मालक आले, सगळी केबिनमध्ये दाटीवाटीने उभी राहिली. मी एक तुकडा जोडत होते, पण त्याच्या कडा मला दिसत नव्हत्या. मनात म्हटलं, आता उठावं, काहीतरी निमित्त काढावं, वीज गेली म्हणून ओरडावं. उठलेसुद्धा. तेवढ्यात हे बसले, सात नंबरला हाक मारली.

सात नंबर उघडलं.

मग आठ, नऊ, अकरा. मग ह्यांनी एकच ओळ लिहिली आणि सगळ्या मशिनांचा हालहवाल एकाखाली एक येत गेला, शहर रस्त्यारस्त्याने जोडलं जाताना दिसायला लागलं. पाहुणे खूश. मालकांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच सांगून टाकलं, ताबा कोतवालांकडे, जोडीला धाकटी.

धाकटी दारापाशी उभी होती. ह्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती जराशी हसली आणि लगेच खाली बघायला लागली. बस्स, एवढंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या गोष्टीसाठी जीव टांगणीला लागला होता ती वाचली होती, नवऱ्याची खुर्ची शाबूत होती, आणि मला कुणीतरी लुबाडल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी बसथांब्यावर मी थेट विचारलं, "कधी घेतलीत किल्ली?"

हे खोटं बोलले नाहीत. "काल. तू छापखान्यात गेलीस तेव्हा."

"तिच्याकडून?"

"हो. गेलो, म्हटलं, मी त्या दिवशी खोटं बोललो, किल्ली बनवलीच नव्हती. तर तीच म्हणते, चूक माझी भाऊजी, मी बघायला हवं होतं. बसली, करून घेतली माझ्याकडून, गेली."

"आणि मी समोर बसले होते! चार हातांवर! काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"होतीस ना."

"मग?"

ह्यांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. बस दिसते का ते बघितलं. मग म्हणाले, "अगं, तू दिली असतीस. मला माहीत होतं. पण तू तयारी करून बसली होतीस. मंगळवारपासून दिसत होतं तुझ्या तोंडावर. आणि एकदा दिली असतीस की जन्मभर ऐकवली असतीस."

रागाने नाही म्हणाले. कुलूप ओढून बघतात तशा आवाजात म्हणाले. 'छे, मी कशाला ऐकवेन' असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि घोळवलेलं 'जरा तिकडे बघा' तेवढं जिभेवर आलं. बस आली. आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी रडले नाही, रडायला मला घर लागतं.

रात्री जेवताना सासूबाईंनी विचारलं, "काय गं, आज पाहुणे येणार होते ना तुमच्याकडे? कसं झालं?"

विचारलं धाकटीला. तिच्या जागी मी असते तर काय सांगितलं असतं ते मला शब्दाशब्दानिशी माहीत आहे. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "सगळी मशिनं भाऊजींनी उघडून दाखवली, आई. आम्ही नुसते बघत होतो."

"ह्याच्या हातात आहेच ते," सासूबाई म्हणाल्या. तिचा नवराही कौतुकाने "वा दादा" म्हणाला, म्हणजे त्यालासुद्धा तिने किल्लीचं सांगितलं नव्हतं. हे ताटाकडे बघत जेवत राहिले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. कुठेतरी एखादा कोपरा हलेल, डोळ्यांत जराशी तरी शेखी दिसेल, म्हणून मी तो चेहरा घास विसरून शोधला. थोडी जरी सापडली असती, तरी मला तिचा राग राग करून सुखाने झोपता आलं असतं.